डब्याचं दूध

सोमवार, १४ मार्च. दुपारचे सव्वादोन. बाळाच्या बाटल्या उकळायला ठेवल्यात.

आदरणीय भावोजी,

नमस्कार. बाळ ठीक आहे. नाक तुमचं, आवाजही तुमचाच, असं म्हणत आई कानांत बोटं घालते. माझं फरशा बसवायचं काम चालू आहे, पण आज खाडा केला. रात्रीच्या जागरणाने बसल्या बसल्या माझा डोळा लागतो. घरात फोन एकच आणि तो ताईच्या उशाशी, म्हणून हे पत्र तुमच्या साइटवर परतणाऱ्या क्रेनवाल्याच्या हाती देतोय.

ताईला बाळंतपणाचा थकवा आहे, असं आम्ही तुम्हाला सांगत आलो. तो थकवा नाही. आडवी झाली की तिला दम लागतो. पाय सुजलेत. उशांना टेकून बसल्या बसल्याच झोपते. इको काढला. हृदय अशक्त झालंय, रक्त नीट पुढे ढकलत नाही. फोनवर ती हसते ना, ते मी शेजारी बसून ऐकतो. फरशीखाली सिमेंटचा माल कमी पडला की ठोकल्यावर जसा पोकळ आवाज येतो, तसं हसते.

डॉक्टरीणबाईंना मी दोनदा विचारलं, त्यांनी दोनदा समजावलं. दूध आणणारं प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक असतं. काही बाळंतिणींच्या शरीरात त्याचे तुकडे होतात आणि ते हृदयाच्या बारीक रक्तवाहिन्यांना इजा करतात, असा अंदाज आहे. अजून सगळं पक्कं कळलेलं नाही, असंही म्हणाल्या. हृदयाच्या औषधांबरोबर ते संप्रेरक कमी करायची गोळी दिलीय. त्या गोळीने दूध आटतं.

ती गोळी ताई घेत नाही. आज बाळाच्या दुपट्याच्या घडीत मला चार सापडल्या, तोंडात ओल्या होऊन वाळलेल्या.

"ताई, हे काय?"

"ओरडू नकोस, आत्ता कुठे झोपलाय तो."

"तुला मरायचंय का?"

"तुझे भावोजी काय म्हणाले, ऐकलंस ना? डब्याच्या दुधावरची पोरं पोचट निघतात. इतक्या लांब राबतात ते. त्यांचं एवढंही ऐकायचं नाही का मी?"

तुम्ही गमतीत म्हणाला असाल. तुम्हाला काही ठाऊकही नव्हतं. पण तिने ते मनाला लावून घेतलंय. आईचं ऐकत नाही आणि मला "आठवी नापास डॉक्टर" म्हणून उडवून लावते.

तुम्हाला शिकवायची माझी लायकी नाही. हे वाक्यही दोनदा खोडून लिहिलंय. पण ते बोलणं तुम्हीच मागे घ्या. आधी बाळाचं बोला, मग तिचं. ती घाबरली की पुढचं ऐकत नाही. "पोराला डबा चालेल, मला तू पाहिजेस," एवढं पुरे. लाजू नका, मी बाहेर जाऊन बसेन.

दुधाचा डबा आणि बाटल्या मी आणून ठेवल्यात, पैसेही दिलेत. इकोचे अर्धे द्यायचे राहिलेत. ते सावकाश पाठवा. फोन मात्र क्रेनवाला समोर उभा असतानाच करा.

तोवर रोज ताईला जीभ उचलायला लावून बघणारा,
तुमचा मेहुणा