मोगऱ्याच्या तेलाची बाटली

भवानी पेठ, सोलापूर
ता. ९ मे १९३२

ती. स्व. सौ. रंभाअक्काच्या पायांशी धाकट्या वच्छलेचा शि. सा. न. वि. वि.

बाळंतविड्याबरोबर तू धाडलेल्या मोगऱ्याच्या तेलानं तान्हीचं अंग पुरळानं भरलं आहे. सासूबाई म्हणतात, माहेरच्यांनी तेल नाही, खाज पाठवली. यापुढं वैरागची वस्तू घरात यायची नाही आणि मी माहेरी जायचं नाही, असं त्यांनी आमच्या यांच्याकडून वदवून घेतलं. अक्का, काय घातलंस त्यात? पोर सारखी रडते. मला तुझा फार राग आला आहे.

लोभ आटलेला नाही, एवढंच आज लिहवतं.
वच्छला

वैराग
ता. १२ मे

चि. सौ. वच्छलेस रंभाचे अनेक आशीर्वाद.

बहिणीवर आळ घेताना जीभ कशी धजली गं तुझी? फुलं फडक्यावर पसरून आदी त्यांचं पाणी सुकवलं. घाण्याच्या तिळतेलात सात दिवस रोज नवी फुलं घातली, उन्हात ठेवलं, दोनदा गाळलं. असल्याच तेलानं आईनं तुला चोळली, म्हणून तर कांती मिरवतीस.

आता सांगते ते कर. दोन थेंब तळहातावर चोळ. दुसरा कसला वास आला, तर मला न्हाय, घरच्यांना इचार. पोरीला ते तेल लावू नगंस, साधं खोबरेल लाव. उत्तर आलं न्हाय तर गाडी जुंपून मीच येते, मग मी हाय आन् तुजी सासू हाय.

जीव हाय म्हणून बोलले, मनात धरू नगंस.
रंभा

सोलापूर
ता. १६ मे

ती. स्व. अक्कास शि. सा. न.

तेल चोळलं. मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या रहाटाला घालतो, त्या मशीनच्या तेलाचा वास आला. आणि मोगरा घमघमत होता सासूबाईंच्या गुडघ्यांना. रोज थोडं घेत होत्या. बाटली उणी दिसू नये म्हणून वर रहाटाचं तेल ओतत होत्या.

मी यांच्यादेखत भांडले. आधी सासूबाईंनी कानांवर हात ठेवले. मग खाली बसून म्हणाल्या, की पाच बाळंतपणं झाली, दर खेपेला बाराव्या दिवशी रहाटाला बसले, माझ्या अंगाला कुणी बोटभर तेल लावलं नाही. मला कळवळा यायला हवा होता. पण पोरीची पाठ बघितली की तळपायाची आग मस्तकात जाते. पुरळ आता उतरतंय. वैरागची बंदी यांनी मोडली. तुझ्यावर आळ घेतला, पदर पसरते, पोटात घाल.

तुझ्या मायेची भुकेली,
वच्छला

वैराग
ता. १९ मे

चि. सौ. वच्छलेस आशीर्वाद.

दोन बाटल्या धाडल्यात. एक लेकीची, ती ट्रंकेत कुलपात ठेव. दुसरी तुज्या सासूची. तान्ह्या पोरीच्या अंगाला मशीनचं तेल लावणाऱ्या बाईवरचा माजा राग गेल्याला न्हाय, जायचा बी न्हाय. तुजाबी जाऊ देऊ नगंस. तिचं गुडघं रोज तू सोता चोळ. राग हाताला लई जोर देतो.

माया राहू दे.
रंभा