चेंडू सुस्थितीत आहे

सोमवार, ३ नोव्हेंबर
आजपासून मी महापालिकेच्या 'शाळेनंतर' केंद्राचा संयोजक. एकोणीस वर्षं जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीत गेली. माणूस जन्मला की नोंद, गेला की नोंद. मधल्या काळासाठी माझ्यासारख्या माणसाची गरज आहे, हे साहेबांनी अखेर ओळखलं. बायको म्हणाली, खिडकीवरच्या तक्रारी फार झाल्या म्हणून हलवलं असेल. तिला आतल्या गोष्टी माहीत नसतात.

हॉल एक. पत्र्याचं कपाट एक. पंखे दोन, पैकी एक फिरतो. मुलं सदतीस, सगळी मागच्या वस्तीतली. आईवडील आठपर्यंत कामावर आणि घराला कुलूप, म्हणून इथे येतात. साहेबांनी बजावलं आहे की महिनाअखेर तपासणीला चाळीस मुलं दिसली नाहीत, तर केंद्र बंद करून हॉलमध्ये धूरफवारणीची यंत्रं ठेवणार. चाळीस काय, मी चारशे आणीन.

मंगळवार, ४ नोव्हेंबर
साहित्य ताब्यात घेतलं. नोंदवहीत: फुटबॉल, नग एक, सुस्थितीत. खाली मी सही केली. मुलांनी लगेच चेंडू मागितला. मी समजावलं की खेळल्यास स्थिती बदलेल, आणि सही माझी आहे. गळ्यात घराची किल्ली घालून फिरणारी एक दहा वर्षांची मुलगी आहे, सगळे तिला किल्लीच म्हणतात. तिने विचारलं, मग चेंडू कशासाठी आहे? प्रश्न चांगला होता. उत्तर कळवतो म्हटलं.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
तोडगा काढला. दुपारी साडेचार ते पाच 'चेंडू दर्शन'. टोकन घ्यायचं, रांगेत यायचं, हात पुसायचे, दहा सेकंद चेंडू धरायचा, सही करून परत करायचा. अंगठाही चालेल. पाच वाजेपर्यंत अकरा जणांचं झालं. बाकीच्यांना उद्याची तारीख दिली. शिस्त अशी लागते.

केंद्राची सफाई करणाऱ्या मावशी झाडू धरून बघत उभ्या होत्या. म्हणाल्या, साहेब, पोरांना जरा पळू द्या की. मी म्हटलं, मावशी, ज्याचं काम त्याने करावं. त्या हसल्या आणि झाडायला लागल्या.

सोमवार, १० नोव्हेंबर
हजेरी बावीस. आजपासून बिनचेंडूचा फुटबॉल. कल्पनाशक्ती वाढते आणि खर्च शून्य. पहिल्या पाच मिनिटांत दोन गोल झाले, दोन्ही वादग्रस्त. मी रेफ्री होतो, पण चेंडू मलाही दिसत नव्हता. एका गोलकीपरने तो अडवायला उडी मारली आणि गुडघा फोडून घेतला. मावशींनी हळद लावली, मी अपघात अहवाल भरला. 'कशामुळे इजा' या रकान्यापाशी अर्धा तास अडलो. शेवटी 'चेंडू (अनुपस्थित)' असं लिहिलं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
हजेरी नऊ. काळजीचं कारण नाही, पाखडल्यावर धान्य कमीच उरतं. उरलेल्या नऊ जणांना 'नेतृत्व' या विषयावर पन्नास मिनिटं बोललो. शेवटी डोळे उघडले (बोलताना मी मिटून घेतो), तर समोर चार होते. त्यातले दोन झोपलेले.

बायकोला सांगितलं. तिने विचारलं, तुम्ही लहानपणी काय खेळायचात? मी म्हटलं, विषय बदलू नकोस.

मंगळवार, १८ नोव्हेंबर
हजेरी शून्य. कारण सापडलं: गोंगाट! हॉलच्या मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीजवळ, रोज साडेचारपासून आठपर्यंत कोण जाणे कोणाची कार्टी आरडाओरडा करत असतात. अशा वातावरणात माझी मुलं येणार तरी कशी? खिडकी बंद करून घेतली.

लगेच आरोग्य खातं, उद्यान खातं आणि समाजविकास खातं यांना तक्रार लिहिली, तीन प्रतींत. केंद्रामागील अज्ञात मुलांच्या उपद्रवामुळे केंद्रात मुले येऊ शकत नाहीत, तरी तातडीने पाहणी व्हावी. एकोणीस वर्षं लोकांचे अर्ज वाचले, त्याचा असा उपयोग होतो.

गुरुवार, २० नोव्हेंबर
शून्य. एकट्यानेच चेंडू दर्शन घेतलं. टोकन घेतलं, सही केली.

खरं सांगायचं तर आज वाईट वाटलं. हॉल बंद झाला तर ही मुलं आठपर्यंत कुलूपबंद दारासमोर पायरीवर बसून राहतील. किल्ली परवा रस्त्यात भेटली तेव्हा तिनेच विचारलं, हॉल खरंच जाणार का हो काका? मी म्हटलं, मी असताना? ती पळत गेली. 'सर' म्हणायचं, हे सांगायचं राहून गेलं.

सोमवार, २४ नोव्हेंबर
संकल्प: उद्यापासून घरोघरी जाऊन मुलं आणायची.

मंगळवार, २५ नोव्हेंबर
गेलो. सगळ्या घरांना कुलूप. ते तसं असतंच, हे लक्षात राहिलं नव्हतं.

गुरुवार, २७ नोव्हेंबर, दुपारी ४
समाजविकास खात्याचं पत्र. तक्रारीची पाहणी आणि केंद्राची तपासणी एकाच फेरीत उरकणार, उद्याच. एका दगडात दोन पक्षी! माझी तक्रार वरपर्यंत पोचली म्हणायची. इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर, संध्याकाळी ७
तपासनीस बाई साडेचारला आल्या. रिकामा हॉल बघितला. मी खिडकी उघडून म्हटलं, हे बघा, ह्यांच्यामुळे. आम्ही दोघं मागे गेलो.

टाकीजवळ चिंध्यांच्या चेंडूने मॅच चालू होती. झाडूच्या दांड्यांचे गोलपोस्ट आणि मावशी रेफ्री. पायऱ्यांवर काही जण गृहपाठ करत होते आणि किल्ली त्यांचे पाढे तपासत होती. अज्ञात मुलं जवळून ओळखीची निघाली. माझीच होती, वर दोन नवी.

बाईंनी मोजली. एकोणचाळीस. पुन्हा मोजली, तरी एकोणचाळीसच. मॅच थांबली. मावशींनी पदर तोंडाला लावला.

चेंडू दाखवा, असं बाई म्हणाल्या. सगळे हॉलमध्ये आलो आणि मी कपाट उघडलं. चेंडूची हवा गेली होती, पोळीसारखा पडला होता. कोणी खेळलं का, असं त्यांनी विचारलं. मी छाती काढून सांगितलं, एकदाही नाही. बाईंनी चष्मा काढून पुसला.

तेवढ्यात किल्लीने माझा हात धरून पुढे ओढलं आणि बाईंना सांगितलं, हे चाळीसावे. रोज येतात, कध्धीच खाडा नाही. घरी जायला सांगितलं तरी जात नाहीत.

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, नियमांचं पुस्तक चाळलं. म्हणाल्या, वयाची अट फक्त खालची आहे, सहा वर्षं पूर्ण. मी म्हटलं, पूर्ण आहेत. त्यांनी लिहून घेतलं.

केंद्र वाचलं! पोरांनी असा आरडाओरडा केला की माझे कान बधिर झाले. तक्रार करावीशी वाटली नाही. हजेरीतलं मूल संयोजक असू शकत नाही, म्हणून बाईंनी जागेवरच त्या पदावर मावशींची नेमणूक केली. पण शांतपणे विचार केला तर चाळीसचा आकडा गाठला तो माझ्यामुळेच.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर, रात्री ९
नव्या मुलांना प्रवेश अर्ज भरावा लागतो, मावशींनी जाताना हातात दिला. पालकाची सही हवी. बायकोपुढे ठेवला. तिने चष्मा लावून सगळा नीट वाचला, किती वाजता सोडतात ते विचारलं आणि सही केली. 'पाल्याच्या अंगचे गुण' या रकान्यापाशी मात्र तिने पेनाला टोपण लावलं. मग म्हणाली, हे मावशींनाच विचारून भरा.