राजाचं डोकं धरण्याचं वतन

चॉकडेन, डोव्हरपासून चार कोस
सेंट ल्यूकच्या सणाचा दुसरा दिवस, चालू राजाचं बारावं वर्ष

मठवासी मेहुणे अल्विनबुवा यांस, चॉकडेनच्या सिवर्डचा गुडघे टेकून नमस्कार.

इकडे आम्ही सगळे, म्हणजे मी, तुमची बहीण लेविवा, तिन्ही मुली, दोन बैल आणि म्हातारा मेंढा, देवाच्या दयेने धडधाकट आहोत. तुमच्या गुडघ्याचं कसं आहे? पहाटेच्या प्रार्थनेला थंड फरशीवर टेकताना खाली घोंगडीची घडी घेत जा. देव गुडघ्यांकडे बघत नाही, मनाकडे बघतो, असं आमचे पाद्रीबाबा सांगतात (आणि स्वतः पिसांची उशी घेतात). मागच्या खेपेला तुम्ही पाठवलेला मध मुलींनी तीन दिवसांत संपवला. भांडं धुऊन ठेवलं आहे.

आता आमच्यावर काय प्रसंग आला ते सांगतो. आमच्या तीस एकरांचं वतन कशावर चालतं हे तुम्हाला ठाऊक आहे. बहीण देताना तुम्ही ते दोनदा विचारून घेतलं होतं आणि दोन्ही वेळा हसला होतात. राजा समुद्र ओलांडू लागला आणि त्याच्या पोटात ढवळलं, तर आमच्या घराण्याने त्याचं डोकं धरायचं. एवढीच सेवा. ना घोडा द्यायचा, ना भाला उचलायचा. गावात आम्हाला डोकेधरे म्हणतात, आणि शेजारचा गोल्डविन याहून वाईट काहीतरी म्हणतो, ते मठात वाचायच्या पत्रात लिहीत नाही.

हे वतन आलं राजाच्या पणजोबांकडून. ते समुद्रापलीकडून आले, त्यांनी हा मुलुख जिंकला, आणि परत जाताना एकदा डोव्हरच्या धक्क्याबाहेर त्यांना असं काही मळमळलं की अवतीभवतीचे सगळे शूर सरदार तोंड फिरवून उभे राहिले. पुढे झाले ते आमचे आजोबा. ते त्या जहाजावर हेरिंग मासे विकायला चढले होते. (राजाचे पणजोबा आणि माझे आजोबा एका वयाचे. मोठ्या घराण्यांत पिढ्या लवकर उरकतात, आमच्याकडे जरा रेंगाळतात.) पुढे त्या पणजोबांचा मुलगा, तो तांबड्या तोंडाचा, गादीवर बसला. वादळात मोडकी नाव काढायला लावून तो म्हणाला म्हणे, की राजा बुडाल्याचं कुणी ऐकलंय का. आजोबा घमेलं घेऊन धावत पोहोचले तोवर नाव क्षितिजाला लागली होती.

त्यानंतर त्याचा धाकटा भाऊ, म्हणजे आत्ताच्या राजाचे आजोबा. यांची सेवा माझ्या वडिलांनी केली. या राजाचा एकुलता एक औरस मुलगा जहाजासकट बुडाला हे तुम्हीही लहानपणी ऐकलं असेल. वडील सांगत, की त्यानंतर राजा समुद्रावर असला की पाण्याकडे पाठ करून बसे आणि त्याच्या पोटात कधीच ढवळत नसे. वडिलांना पुढे होऊन त्याचं डोकं धरावंसं वाटे. पण त्या दुःखासाठी आम्हाला जमीन दिलेली नव्हती, म्हणून ते घमेलं घेऊन तसेच उभे राहत. मला हे अधूनमधून प्रार्थनेच्या वेळी आठवतं.

मग मुलगा नाही म्हणून गादी लेकीची (तिला सगळे सम्राज्ञी म्हणत), असं त्या आजोबांनी सगळ्या सरदारांकडून वदवून घेतलं, आणि ते वारल्याबरोबर सगळे सरदार ते विसरले. लेक एकीकडे, तिचा आतेभाऊ दुसरीकडे, आणि एकोणीस वर्षं मुलुखात आग. त्या काळात कुणाचं डोकं धरावं हे आम्हाला कळेना. वडिलांनी कुणाचंच धरलं नाही आणि वतन टिकवलं. शेवटी गादी त्या लेकीच्या मुलाला मिळाली, तेच आपले राजेसाहेब. ते कधी खाली बसत नाहीत, जेवतातही चालता चालता, आणि समुद्र असा ओलांडतात जसा मी बांध ओलांडतो. तरीही बारा वर्षांत मला एकदाही बोलावणं आलं नाही. पोट लोखंडाचं असावं, किंवा आमचा पत्ता हरवला असावा.

तर गेल्या कापणीत सरकारी कारकून आले, रेनर नावाचे. कुणाकडे कोणती जमीन कोणत्या सेवेवर आहे, हे ते गावोगाव लिहून घेत हिंडत होते. बारीक चणीचे, स्वच्छ नखांचे. माझी सेवा ऐकून त्यांनी लेखणी खाली ठेवली.

"या राजेसाहेबांच्या राज्यात किती वेळा केलीत?"

"एकदाही नाही, साहेब."

"मग तीस एकर कशाचे खाता?"

गोल्डविन दारातच उभा होता. तो म्हणाला, "खोटं बोलता येत नाही हो याला. बापासारखाच आहे." (हे त्याने कौतुकाने म्हटलं नाही.) रेनरसाहेबांनी निकाल दिला, की सेंट मायकेलच्या सणानंतर राजेसाहेब डोव्हरहून निघणार आहेत, तेव्हा सेवा करून दाखवा. मग नोव्हेंबरात, सेंट मार्टिनच्या दिवशी, बारा पंचांपुढे बायबलवर हात ठेवून काय ते सांगा; सेवा झाली नसेल तर जमीन सोडा. बुवा, तिन्ही मुली लग्नाच्या आहेत. जमिनीवाचून त्यांना कोण विचारणार?

मी सरावाला लागलो. म्हाताऱ्या मेंढ्याचं कपाळ रोज सकाळी डाव्या हातात धरायचं, मानेखाली उजवा हात द्यायचा आणि शंभर अंक मोजायचे. गोल्डविन कुंपणावर कोपर टेकून विचारायचा, "काय रे, राजाला शिंगं फुटली काय?" चौथ्या दिवशी मेंढ्याने मला शेणाच्या खड्ड्यात बसवलं. एकदा देवळातल्या मेजवानीनंतर आमच्या पाद्रीबाबांवरही सराव झाला. तो मात्र फार चांगला झाला.

ठरल्या दिवशी मी घमेलं आणि फडकं घेऊन डोव्हरला गेलो, खलाशांच्या सेंट निकोलसला एक मेणबत्ती लावली आणि सांगितलेल्या जहाजावर चढलो. चढल्यावर कळलं, की राजेसाहेबांचा बेत आदल्या दिवशीच बदलला आणि ते दुसऱ्याच बंदरातून निघूनही गेले. या जहाजावर होते त्यांचे चौदा शिकारी कुत्रे, आणि मोहोरेच्या मेणाच्या पेट्या व वह्यांची गाठोडी सांभाळत बसलेले रेनरसाहेब. मी उतरणार, तेवढ्यात माझी विसरलेली लोकरीची टोपी द्यायला तुमची बहीण फळीवरून वर आली आणि त्याच वेळी दोर सुटला. तांडेल म्हणाला, वारा मिळालाय, आता पलीकडेच उतरा.

बंदराबाहेर पडलो आणि समुद्र उठला. आधी कुत्रे आडवे झाले, मग रेनरसाहेब. त्यांची दशा मला लिहवत नाही. परंतु सेवेत कसूर झाली नाही एवढं सांगतो. कपाळ डाव्या हाताने धरलं गेलं, मानेला उजव्याचा आधार दिला गेला, तोंड पुसलं गेलं, ओला पाव चोखायला दिला गेला. साहेब सारखे आईला हाक मारत होते, त्यावर "आहे हो, इथेच आहे," असंही म्हटलं गेलं. पलीकडे विसां नावाच्या बंदराशी वाळूत उतरल्यावर साहेबांनी आधी तोंड धुतलं. मग त्यांनी वही उघडली आणि लिहिलं, की चॉकडेनची सेवा राजाच्या कामावर निघालेल्या माणसास पोहोचली, ती राजासच पोहोचली असं धरावं, आणि ही सेवा राज्यास अत्यंत गरजेची आहे. वतन कायम. येताना तुमच्यासाठी तिकडचं चीज आणलं आहे. निम्मं कुत्र्यांच्या वासाचं आहे, पण चव चांगली आहे.

मठातल्या सर्वांना नमस्कार. आमच्यासाठी प्रार्थना करा.

तुमचा
सिवर्ड

ता.क. पत्र वाळायला ठेवलं आणि झोप लागेना. "धरलं गेलं" हे खोटं नाही, पण खरं झाकण्यासाठीच मी ते तसं लिहिलं. बुवा, त्या वेळी मी डोलकाठीला मिठी मारून कुत्र्यांमध्ये पडलो होतो आणि माझं घमेलं मलाच अपुरं पडत होतं. आमच्या घराण्यात समुद्र कुणालाच सोसला नाही असं वडील म्हणायचे. मला वाटायचं, ते विनयाने म्हणतात. साहेबांना धरलं ते लेविवाने. दोन्ही हातांनी त्यांना आणि पायाने मला, घरंगळू नये म्हणून.

आणखी ता.क. वाळूत साहेबांनी वही मिटता मिटता शंका काढली, की सनद पुरुषाच्या नावाची, बाईने केलेली सेवा चालेल काय? तेव्हा लेविवा झग्याचं ओलं टोक पिळत म्हणाली, "साहेब, राजेसाहेबांना गादी कुणाकडून आली? त्यांना सगळे सम्राज्ञीचा मुलगाच म्हणतात ना? मग तिचा हक्क चालतो आणि माझा हात चालत नाही, असं लिहा. खाली सही तुमची." साहेबांनी हे लिहिलं नाही. त्यांनी वही पुन्हा उघडली आणि "सिवर्डच्या घरच्या हातांनी" असं घातलं. हे मी पंचांपुढे बायबलवर हात ठेवून सांगितलं तर माझ्या आत्म्याला चालेल ना, तेवढं कळवा. मुलींचं पुढे कसं होणार, ही माझी काळजीही त्या शब्दांनी जरा हलकी केली आहे.

शेवटचं ता.क. हे लिहायचं म्हणूनच खरं तर कागद मागवला होता. लेंटच्या उपवासांआधी राजेसाहेब डोव्हरहून नक्की निघणार आहेत आणि हुकूम आला आहे: बाईने हजर राहावं, आणि वतन माझ्या नावाचं म्हणून मीही. लेविवा म्हणते, "राजाला मी बघेन, पण तिथे तुम्हाला पायाने सांभाळणं बरं दिसणार नाही, दादाला बोलवा." तेव्हा आपण यावं. तुमचे हात मोठे आहेत आणि तुम्हाला समुद्र बाधत नाही, हे मला आठवतं. याबद्दल ओढ्याकाठचं घेवड्याचं अर्धा एकर शेत मी तुमच्या मठाला कायमचं लिहून देतो, मात्र या अटीवर, की चॉकडेनचा सिवर्ड किंवा त्याचा जो कुणी वारस समुद्र ओलांडू लागेल आणि त्याच्या पोटात ढवळेल, त्याचं डोकं तुमच्या मठाने धरावं. तुम्हाला मुलंबाळं नाहीत हे लक्षात आहे. पण मठ मरत नाही, आणि आमच्या घराण्याचं पोटही सुधारेल असं वाटत नाही. येताना घमेलं आणा. आमचं मी विसांला विसरलो.