शालूमावशीच्या अंगातलं पाणी

भाजे, रविवार दुपार

चिरंजीव श्रीयशला पद्मजाताईचे पोटभर आशीर्वाद.

सातवीत असताना तू म्हणाला होतास, ‘ताई, मी मोठेपणी असं काम करीन की तुला ते कुणाला समजावून सांगताच येणार नाही.’ बाळा, मी सांगितलं. आणि इतकं चांगलं सांगितलं, की आता निस्तरायला तूच हवास.

तू बरा असशील, जर्मनीच्या थंडीत कान झाकत असशील. (नसशील.) इकडे आम्ही मजेत. लेणी बघायला आलेले पाहुणे आपल्या दोन खोल्यांत उतरतात, पिठलं-भाकरी मागतात आणि गार होईपर्यंत तिचे फोटो काढतात. हे हातानं लिहून त्याचा फोटो तुझ्या मोबाइलवर पाठवतेय, कारण बोलताना तू मला दर वाक्याला दुरुस्त करतोस.

झालं असं, की बचत गटाच्या बैठकीत कोमलनं (शालूमावशीची सून) विचारलं, तुमचा भाऊ तिकडं करतो काय? मी म्हटलं, पाण्यावर क्ष-किरणांचा, म्हणजे एक्स-रेचा, लेझर मारतो. तिथंच थांबायचं, पण मला माझ्यातली शाळामास्तरीण आवरत नाही. सगळ्यांना, शालूमावशीलासुद्धा, देवळापुढच्या पारावर उभं केलं. तुम्ही पाण्याचे कण. एकमेकींचे हात धरायचे, सोडायचे, दुसरीचे धरायचे. मग कोमल बॅटरी घेऊन मध्ये घुसली, ती तुझा लेझर. तो झोत इतका प्रखर, की कणांतले इलेक्ट्रॉन उडतात, हात सुटतात, सगळी रचना विस्कटते, तीही झोत संपायच्या आत. म्हणजे ज्या उजेडात पाणी बघायचं, तोच ते बदलून टाकतो! रतनबाई इतक्या मन लावून विस्कटल्या, की थेट पारावरून खाली. (लागलं नाही. हसू नकोस.) टाळ्या पडल्या. मी दिवसभर हवेत.

दुसऱ्याच दिवशी शालूमावशी, तुला कडेवर घेऊन गावभर मिरवणारी आपली शेजारीण, गोठ्यात घसरली. मनगट टम्म सुजलं. आम्ही तिला लोणावळ्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, एक्स-रे काढा. मावशीनं हात पदराखाली घातला तो काढेचना.

‘न्हाई. अंगात निम्म्यावर पानीच हाय. समदं इस्कटंल.’

‘मावशी, तो लेझर वेगळा. त्याच्यापुढं हा काजवा गं.’

‘काल येक, आज येक. मास्तरीण हायस का पुढारी?’

तेव्हापासून हळदीचा लेप लावून, कामट्या बांधून बसलीय. हाड वेळेत बसवलं नाही तर हात वाकडा राहील, भाकरीसुद्धा थापता येणार नाही. हे तिलाही कळतं, म्हणून जास्त वाईट वाटतं. तर तू तिला फोन कर आणि ‘काही होत नाही’ एवढंच म्हण. ‘नगण्य’, ‘साधारणपणे’, ‘माझ्या माहितीप्रमाणे’ हे शब्द तिकडेच ठेव. (आईला ‘जेवलो’ सांगतानाही तू ‘बहुतेक’ जोडायचास.)

तुझी,
पद्मजाताई

ता. क. मावशीला फोन राहू दे. ती आत्ताच येऊन गेली. उद्या चलते म्हणाली, पण अट घातली: ‘तू बी आत हुबी ऱ्हा माज्यासंगं.’ दवाखान्यात फोन करून विचारलं. शिशाचा एप्रन घालून थांबता येईल म्हणे. मी हसत हसत ‘हो’ म्हटलंय.

ता. क. २. श्रीयश, त्या दिवशी देवळापुढं माझं म्हणणं सगळ्यांत जास्त कुणाला पटलं असेल, तर मला. तेव्हा मलाच फोन कर आणि म्हण, ‘ताई, काही होत नाही.’ पुढं ‘पण’ नको. तू असं म्हणणार नाहीस, हे ठाऊक असूनच मागतेय.