न सांगितलेला ताप

प्रिय भिंगरी,

तुझं पाकीट परवा मिळालं. आतल्या छापील कागदातलं मला अक्षर कळलं नाही, पण वरून तिसऱ्या ओळीत तुझं नाव आहे ते मी बोट ठेवून वाचलं आणि मग बोट तिथून उचलवेना. तिसरीत शाळा सुटलेल्या बाईच्या नातीचं नाव छापून येतं, म्हणजे काय गंमत आहे का? खालच्या मजल्यावरच्या शिंपिणीला नेऊन दाखवलं. ती म्हणाली, नाव फारच बारीक छापलंय. जळतेय मेली. तिच्या नातवाचं नाव आजवर फक्त गैरहजर मुलांच्या यादीत लागलंय. पेपरवाल्याला दाखवलं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले तेव्हा पिशवीत घालून तिथेही नेलं. चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणे. वाढू दे.

आणि रविवारी फोनवर तू जे समजावून सांगितलंस ना, ते मला खरंच कळलं बरं का. उगीच हूं हूं करत नव्हते. तापाचा विषाणू म्हणजे एवढासा जीव, डासाच्या सोंडेतून आपल्यात येतो, आणि त्याच्या अंगावर प्रथिनांचा अंगरखा असतो. आपल्या रक्तातले पहारेकरी त्याला त्या अंगरख्यावरून ओळखतात. पण या तापाचे विषाणू म्हणजे चार भाऊ, चौघांचे अंगरखे वरवर सारखे, आणि एकाच भावाच्या अंगरख्यातही गावोगावी, सालोसाल एखादा टाका बदललेला. तू ते टाके जुळवून बघतेस. मी म्हटलं, अगं, मी बावीस वर्षं गणवेशांना काजं केली, एका मापाचे दोन सदरे ठेवले तर कुठला कुणाच्या हातचा ते नुसतं बोट फिरवून सांगायचे. तू म्हणालीस, आजी, माझं काम तेच आहे. एवढा आनंद मला तुझ्या आजोबांनीही कधी दिला नव्हता, आणि ते माणूस म्हणून वाईट नव्हते.

मग तू पुढचं सांगितलंस. एका भावाचा ताप येऊन गेला की पहारेकऱ्यांना तोच अंगरखा पाठ होतो. पुढे दुसरा भाऊ आला की ते त्याला ओळखीचा समजून धरतात, पण पकड नीट बसत नाही, मारता तर येत नाहीच, उलट धरून पार आतल्या घरात नेऊन सोडतात. म्हणून दुसऱ्यांदा आलेला ताप कधी कधी जिवावर उठतो. म्हणून तुमच्याकडे तापाच्या वस्तीत महिनाभर रक्त गोळा करायला जाणाऱ्यांकडून फॉर्म भरून घेतात, आणि ज्याला एकदा येऊन गेलाय त्याला पाठवत नाहीत. आणि तू विचारलंस, मला लहानपणी आला होता का गं? मी नाही म्हटलं. लगेच म्हटलं. मला कमी ऐकू येतं म्हणून फोन कायम स्पीकरवर, आणि तुझी आई समोर भाजी निवडत बसलेली. आणि येत्या सोमवारी तू निघणार.

तुझ्या दादाचं नाव आपल्या घरात कुणी काढत नाही. तू सात वर्षांची होतीस, तुला किती आठवतं कोण जाणे. तो अकराचा. चिडका होता, पण तुझी वेणी तोच घालायचा, माझ्याहून घट्ट. त्याला ताप भरला तेव्हा तुझी आई रजा टाकायला निघाली होती, मीच अडवलं. म्हटलं, डासांचा ताप दोन वर्षांपूर्वी होऊन गेलाय त्याला, गोवर-कांजिण्या कधी पुन्हा निघतात का, हा साधा असेल. तीन दिवस घरीच काढले. चौथ्या दिवशी सकाळी अंग गार लागलं. मला इतका आनंद झाला की मी तिच्या कारखान्यात फोन करून सांगितलं, ताप गेला, तू पाळी पूर्ण करूनच ये. दूध गरम केलं, त्याने घेतलं नाही. पोट दुखतंय म्हणाला. तळपाय फरशीसारखे गार होते, आणि मी वेडी त्यावरही खूश. मग तो म्हणाला, "आजी, ताप गेला ना, मग मला उठता का येत नाही?" मी म्हटलं, अशक्तपणा आहे रे राजा, पड जरा. चार वाजता तुझी आई आली तेव्हा त्याने तिला ओळखलं नाही. दवाखान्यात नेलं, पण रक्तदाब सापडतच नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी गेला.

तुझी आई त्यावरून मला आजपर्यंत एक शब्द बोललेली नाही. तिला वाटतं, आपण ती पाळी टाकून यायला हवं होतं. वर्षातून एकदा त्याच दिवशी ती रजा घेते आणि काही न करता खिडकीत बसते. मी बघते आणि स्वयंपाकघरात जाते.

आता ऐक. त्याच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. तुझ्या आईच्या आईचं ऑपरेशन होतं, म्हणून तुझी आई तीन आठवडे तिकडे गेली होती. जाताना दहादा बजावून गेली, आई, मोरीतलं पिंप दर आठवड्याला घासून कोरडं करा. पाणी एक दिवसाआड यायचं, भरलेलं पिंप ओतायला माझा जीव होईना. पाण्यात बारीक काहीतरी वळवळायचं, ते मी फडक्याने गाळून घ्यायचे आणि वाटायचं, झालं स्वच्छ. पहिल्याच आठवड्यात तुला ताप आला. पाच दिवस. डोळ्यांमागे दुखतं म्हणून रडायचीस, मग पाठीवर लाल पुरळ उठलं. मी कुणाला सांगितलं नाही. ऊन लागलं म्हटलं, शेजारणीला अपचन सांगितलं. पोराला जपता आलं नाही असं सूनबाईने म्हणायला नको, एवढंच. तू बरी झालीस. पिंप तसंच राहिलं. पंधरा दिवसांनी दादाला ताप आला, तोवर तुझी आई परतली होती, तिने त्याचं रक्त तपासून आणलं. रिपोर्ट आला तेव्हाच मला कळलं की तुझाही तोच होता. मी तोंड उघडलं नाही. तो बरा झाला, विषय संपला असं मी धरून चालले.

इतकी वर्षं मला वाटायचं, माझी चूक त्या एका फोनची. रविवारी तू अंगरख्याचं सांगितलंस आणि मला कळलं, ती त्या पिंपापासूनची आहे. तुझा ताप मी तेव्हाच सांगितला असता तर पिंप त्याच दिवशी रिकामं झालं असतं, दादाला पहिला ताप आला नसता, आणि मग पुढचा आला असता तरी कदाचित तो तरला असता. तू हे सगळं शिकलीस ते त्याच्यासाठीच शिकलीस, हे मला माहीत आहे. आणि तुझाच पहिला ताप मी तुझ्यापासून लपवला.

हे पत्र त्यासाठी. शेजारचा ड्रायव्हर उद्या पहाटे तुझ्या शहराकडे निघतोय, संध्याकाळी तुझ्या हातात देतो म्हणाला. फॉर्मवर होय लिही. माझ्या शब्दावर जाऊ नकोस, तो एकदा खोटा निघालाय, रक्त तपासून घे. वस्तीत जाऊ नकोस. आणि कधी ताप आलाच तर तो उतरला म्हणून खूश होऊ नकोस, त्याच दिवशी दवाखान्यात जा. आता साडेतीन झालेत. तुझी आई चारला येईल. तिला मी स्वतः सांगणार आहे, तू सांगू नकोस. ती मला काय बोलेल ते बोलू दे, फक्त आजपासून तिने खिडकीत एकटीने बसायला नको.

तुझीच,
तुझ्याशी खोटं बोललेली आजी