तलावाच्या पाळीवरून काढलेला फोटो

भाऊ, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मला कॅमेरा धरायला शिकवलात त्या ब्रह्मपुरीच्या तुमच्या स्टुडिओत बसून एक गोष्ट अजून तुम्हाला सांगावीशी वाटते. रोल धुणं बंद पडत चाललं तेव्हा मी डिजिटल कॅमेरा घ्यायला नागपूरला गेलो. पिशवीत तुम्ही दिलेली अठ्ठावीस एमएमची रुंद लेन्स होती, तुमच्याच पिवळ्या फडक्यात. दुकानदाराने दोन कॅमेरे पुढे ठेवले. एकाचा सेन्सर जुन्या फिल्मच्या फ्रेमएवढा, दुसऱ्याचा लहान. लहान सेन्सर चित्राचा मधलाच तुकडा धरतो, म्हणून तीनशेची लेन्स साडेचारशेसारखी लांबचं ओढते, असं तो म्हणाला. म्हणजे तुमची अठ्ठावीस त्यावर बेचाळीससारखी होणार, ओसरीवर बसलेलं अख्खं घर तिच्यात मावणार नाही, हे मला कळत होतं. तरी मी लहानच घेतला, आणि तीनशेची लेन्स. जंगलात वाघांचे फोटो काढायचे, वाघाजवळ कोण जाणार, असं स्वतःला समजावलं. खरं तर मला माणसांजवळही जायचं नव्हतं. तुम्हाला ते आधीच दिसलं होतं. एका बारशाला मी अंगणाच्या कडेवरून फोटो काढत होतो, तर सगळ्यांदेखत ओरडलात, "काऊन दूर उभा राहून राह्यला? लोकं चावतेत का तुले? जवळ जाय, इचार, मंग बटन दाब."

मोहर्लीच्या जंगलात वाघीण पाण्यावर उतरली की सफारीच्या जिप्सीतले लोक ड्रायव्हरवर खेकसायचे, "और आगे ले!" तिला पिऊही द्यायचे नाहीत. मला त्यांची किळस यायची. आणि मी त्यांच्याच मागच्या सीटवर, डोळा कॅमेऱ्याला लावून.

मग जवळच्या एका गावात मोहफुलं वेचायला गेलेल्या माणसाला वाघाने मारलं. पेपरवाल्यांना फोटो हवा होता. गावात न शिरता मी तलावाच्या पाळीवरूनच लेन्स रोखली. चादरीखाली तो, शेजारी त्याची बायको, पदर खांद्यावरून गळालेला, तोंड उघडं. फोटो पहिल्या पानावर आला. मी तो मोठा करून स्टुडिओत लावला. लोक थांबून बघायचे, वाहवा करायचे, आणि मला बरं वाटायचं.

काही दिवसांनी एक बाई येते. मदतीच्या अर्जाला पासपोर्ट फोटो हवा आहे. मी तिला स्टुलावर बसवतो, मान सरळ करायला सांगतो. ती मान वळवून भिंतीकडे बघत राहते.

"हे मीच आहो ना?"

मी होकारार्थी मान हलवतो.

"तुमी त तिथी दिसले नाई."

"पाळीवर होतो," मी म्हणतो.

ती म्हणते, "पदर सावराले सांगतलं असतं, त सावरला असता मी." आवाज चढत नाही. रडतही नाही. पदर नीट करून ती कॅमेऱ्याकडे तोंड करते. "आता काहाडा."

मी काढला. फोकस बसेना, तीनदा काढावा लागला. ती गेल्यावर भिंतीवरची फ्रेम उतरवली आणि आतला फोटो फाडला. मोहर्लीच्या जिप्सीतल्या लोकांपेक्षा मी हलका निघालो. त्यांनी निदान माणसाला वाघ समजून टिपलं नव्हतं.

हे तुम्ही असताना घडलं असतं तर मी लपवलं असतं. आता लिहितोय तेही कुठे पाठवायचं नाही म्हणूनच. आणि एक, भाऊ. फोटो फाडला, पण कॉम्प्युटरमधला पुसला नाही. कधीकधी उघडून बघतो. चांगला आलाय, असं अजूनही वाटतं.