आभारांत हिराबाई नाहीत

माघ शुद्ध सप्तमी, आगरदांडा, सायंकाळ.

आज या महापंडिताने शोधनिबंधांच्या संकेतस्थळी तीन घटका तपश्चर्या केली. प्रथम 'निवटी' असे टंकित केले. समस्त विश्वविज्ञान मौन! मग त्या मत्स्याचे लॅटिन नाम, शेवटी आमच्या दिवंगत प्राध्यापकांचे आडनाव. तेव्हा कुठे आमचा पंचवीस वर्षांपूर्वीचा निबंध प्रकटला.

निमित्त सुनंदाचे. सकाळी मासळी तोलताना म्हणाली, "सर, आयचं नाव छापलंय ना तुमी? तिच्या फोटूखाली तो कागद लावायचाय."

तिची आई हिराबाई. खाडीच्या चिखलातली निवट्यांची बिळे ओळखायला आम्हांस तिनेच शिकवले. मी कमरेपर्यंत रुतलो तेव्हा कॉलर धरून उपसले आणि म्हणाली, "पोरा, निवट्या मोजाया आलास का निवटी व्हाया?" काय ते हास्य! आणि काय ते दिवस. कॉलरचा चिखल आठवडाभर गेला नव्हता. तेव्हाच मी तिला भारदस्तपणे सांगितले होते, "आजी, तुमचे नाव ग्रंथांतरी अमर होईल."

निबंधाच्या अंती आभार आहेत: विभागप्रमुखांचे, ग्रंथपालांचे, टंकलेखकाचेसुद्धा. हिराबाईंचे नाहीत. आणि ती यादी करण्याचे काम प्राध्यापकांनी माझ्यावरच सोपवले होते. विस्मरण? की तिला मी विद्वानांत धरलेच नव्हते? दुसरेच खरे असावे.

धीर करून सुनंदाला फोन केला, सगळे सांगितले.

ती म्हणाली, "सर, तिनं आख्ख्या कोळीवाड्याला सांगितलेलं हो."